नाताळची पळी आणि मागचं दार

नाताळच्या सकाळी थोरलीच्या मागच्या दारानं एक पुरुष आत जातो, अशी कुजबुज आमच्या गल्लीत बरीच वर्षं होती. जातो, आतून कडी लागते आणि थोड्या वेळानं तोंड पुसत बाहेर पडतो. हे ‘तोंड पुसत’ कोणी जोडलं कोण जाणे, पण जोडणाऱ्याला अक्कल होती. बाकीची सगळी बातमी त्या दोन शब्दांवर तरली.

पुरुष कोण, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. लाँड्रीला लागून ज्याची टपरी आहे तो कुलूपवाला. लग्न न केलेला, बोलायला कंजूष आणि चालायला मांजर. पाववाला म्हणायचा, “त्याला दार उघडायला कोणी लागतंय कशाला? तो नि त्याचा किल्ल्यांचा जुडगा.” आणि गिऱ्हाइकानं हसेपर्यंत पाव हातात देत नसे.

थोरली म्हणजे तीन भावांच्या घरातली थोरली सून. नवरा गेल्यापासून घरात एकटी. लाँड्रीत इस्त्री करायची, डाग काढायची आणि कॉलरीकडे बघून कोणाच्या घरात काय चाललंय ते ओळखायची. जिभेची फटकळ. एका वकिलाच्या सदऱ्यावर लाल डाग होता. तो म्हणाला, सॉसचा आहे. ही म्हणाली, “सॉस ओठाला लावून कोणी फिरतं का?” वकील पुन्हा आला नाही, त्याची बायको मात्र नेमानं यायला लागली.

एवढी डोळस बाई, पण एकदा तिच्या इस्त्रीखाली आख्खा सदरा करपला आणि डोळ्यांत धूर जाईपर्यंत हिला पत्ताच नाही. मालक ओरडला, “नाकाला कुलूप लावलंय का?” झालं. गल्लीनं त्यातलं फक्त कुलूप उचललं. लक्ष कुठं असतं बाईचं, ते वेगळं सांगायला नको, असं ठरलं.

तरी ही कुजबुज दारातच राहिली असती. ती घरात शिरली ती मधल्या जावेमुळे.

त्याआधी या घरचा नियम सांगायला हवा, कारण पुढचं सगळं त्याच्यावर अडकलं. नियम सासूबाईंचा. नाताळचं जेवण एकाच टेबलावर, आणि टेबल ज्या घरात पळी त्या घरात. जिच्या हातात पळी तिनं सगळे बसल्यावर, सगळ्यांदेखत ग्रेव्हीचा एक चमचा चाखायचा आणि म्हणायचं, ‘जमलंय.’ मग ताटं भरायची. एकदा ‘जमलंय’ म्हटलं की जेवणाला नाव ठेवायचं नाही. टेबलावर मिठाची वाटीसुद्धा ठेवायची नाही. ती मागणं म्हणजे पळीवालीचा अपमान. सासूबाई कडक होत्या. त्यांच्या एका नणंदेला म्हातारपणी चव कळेनाशी झाली, तेव्हा सासूबाई भरल्या घरात म्हणाल्या होत्या, “जिची जीभ मेली तिनं पळी खाली ठेवावी.” नणंदबाईंनी ठेवली. पुढं त्यांना जेवायला बोलवायचंही लोक विसरायला लागले.

सासूबाईंनी जाताना पळी थोरलीला दिली. नवरा गेला, मूलबाळ नाही, पण नाताळला दोन्ही दीर, दोन्ही जावा, त्यांची पोरं हिच्या दारात यायची. वर्षातला तो एक दिवस ती घराची कोणीतरी असायची. पळी गेली असती तर ती गल्लीतली एक इस्त्रीवाली उरली असती.

मधली दातांच्या दवाखान्यात पुढच्या टेबलाशी बसायची. दुखणाऱ्या माणसाला गोड आवाजात ‘थांबा’ म्हणायची तिला सवय. नाताळचा बेत ठरवायला सगळे तिच्याकडे जमले होते, तिथली ही गोष्ट. मला ती धाकटीकडून कळली. धाकटीच्या तोंडात तीळ भिजत नाही, देव तिचं भलं करो.

“मग जाऊबाई, यंदा काय बेत?” मधलीनं विचारलं.

“दरवर्षीचाच. कोंबडी, बटाटे, ग्रेव्ही. मागून कस्टर्ड आणि केक.”

“किती राबायचं हो तुम्ही एकट्यानं? मी म्हणते, पुढच्या वर्षीपासून आमच्याकडेच करू. आमचं टेबल मोठं. सगळं हॉटेलातून मागवू, गरमागरम.”

“आणि ‘जमलंय’ कोण म्हणणार? हॉटेलचा पोऱ्या?”

धाकटी हसली. मधली नाही हसली. “तुमच्याच भल्यासाठी म्हणते. लोक काय काय बोलतात. नाताळच्या दिवशी घराचं नाव चर्चेत नको.”

मधला भाऊ चहाच्या कपात बघत बसला. लग्न झाल्यापासून अडचणीच्या वेळी तो तिथंच बघतो. शेवटी धाकटा म्हणाला. हा बस चालवतो, त्यामुळे मध्येच ब्रेक दाबायचं काम घरातही त्याच्याकडेच. “वहिनी, यंदाचं जेवण नीट होऊ दे. मग ठरवू पुढचं.”

‘नीट’ या शब्दावर त्यानं किती भार दिला होता, ते थोरलीला कळलं.

“मी येते ना सकाळपासून मदतीला,” मधली म्हणाली.

“नको गं. मला एकटीलाच सुचतं.”

“का नको?”

आता सगळे थोरलीकडे बघत होते. नाही म्हणणं म्हणजे पाववाल्याची सगळी गोष्ट खरी म्हणणं.

“ये,” थोरली म्हणाली.

नाताळला उजाडल्या उजाडल्या मधली हजर. हातात स्वतःचा एप्रन, पायात आवाज न करणाऱ्या चपला. मागच्या दाराशी स्टूल ओढून बटाटे सोलायला बसली. स्वयंपाकघरात बसायला इतर जागा होत्या, पण तिला उजेड नेमका तिथलाच हवा होता.

थोरलीचा हात त्या दिवशी सारखा काहीतरी पाडत होता. कोंबडी ओव्हनमध्ये गेली. ती दर थोड्या वेळानं दार उघडून आत बघायची, कातडीचा रंग न्याहाळायची, कान लावून चरचर ऐकायची. “वास कसा सुटलाय गं?” तिनं विचारलं.

“चांगला.”

“चांगला म्हणजे? करपट नाही ना?”

“तुम्ही जवळ उभ्या आहात की मी?”

गॅसवर ग्रेव्ही रटरटत होती आणि थोरली सारखी दाराकडे बघत होती. मधलीही दाराकडेच बघत होती. दोघींनी एकाच दाराकडे इतकं टक लावून बघावं आणि एकमेकींशी बटाट्यांबद्दल बोलावं, असा तो देखावा.

थोरली ताटं काढायला पुढच्या खोलीत गेली, तेव्हा मधलीला गॅसजवळचं फडताळ दिसलं. दोन सारख्या काचेच्या बरण्या, कसल्याही चिठ्ठीशिवाय, एक डाव्या टोकाला, दुसरी पार खिडकीच्या बाजूला, मध्ये बाकीचे डबे कसेही. मधलीला पसारा सहन होत नाही. तिनं फडकं घेतलं, फडताळ पुसलं, डबे उंचीप्रमाणे लावले आणि बरण्या शेजारी शेजारी ठेवल्या. त्यात चूक ती काय? कुठल्याही घरात ती मदतच झाली असती.

आणि दारावर टकटक झाली.

मधलीनं कडी काढली. दारात कुलूपवाला. इस्त्रीचा सदरा, नीट भांग आणि वरच्या खिशात एक चमचा. हो, चमचा. मधलीनं तो बघितला, पण त्या घडीला तिला खिशातलं काही दिसत नव्हतं, माणूसच दिसत होता.

“काय हवंय?”

त्यानं तिच्या खांद्यावरून आत बघितलं. थोरली तोवर आली होती. हातात ताटांची चळत.

“कुलूप बघायला आलो होतो,” तो म्हणाला.

“नाताळच्या सकाळी?”

“कुलपाला काय नाताळ?”

“कुठलं कुलूप बिघडलंय, जाऊबाई?”

थोरलीनं कुलूपवाल्याकडे बघितलं. मग ताटं खाली ठेवली. “कुठलंच नाही,” ती म्हणाली. “उगाच आलात.”

दार लागलं. मधली पुन्हा स्टुलावर बसली. तिचा चेहरा असा झाला होता की तो कोणालातरी दाखवल्याशिवाय तिला चैन पडलं नसतं. थोरली ग्रेव्हीपाशी गेली, फडताळावरच्या डाव्या बरणीत चमचा घातला, एक घातला, दुसरा घातला, थोडं थांबून तिसरा घातला. पळीनं ढवळलं. ओठाशी नेलं. मग कस्टर्डच्या दुधात उजव्या बरणीतले चार चमचे घातले.

दुपारी सगळे टेबलाशी बसले. मधलीनं नवऱ्याच्या कानात सांगितलं, नवऱ्यानं धाकट्याच्या, आणि धाकटीला न सांगताच कळलं. पोरांना टेबलाच्या टोकाला बसवलं होतं. मधोमध कोंबडी, खरपूस, नजर लागावी अशी. थोरली पळी घेऊन उभी राहिली. दरवर्षी ती हे हसत करायची. यंदा तिनं चमचा भरला, तोंडात घातला, गिळला, आणि सासूबाईंच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून म्हणाली, “जमलंय.”

ताटं भरली. सगळ्यांनी पहिला घास घेतला.

धाकटी सांगते, त्या क्षणी तिला वाटलं आपल्याच जिभेला काही झालं. मग तिनं नवऱ्याकडे बघितलं. तो घास गालात धरून बसला होता, चढावर बस बंद पडावी तसा. मधल्यानं पाण्याचा पेला उचलला आणि पूर्ण रिकामा केला. कोणी काही बोललं नाही. बोलणार कसं? ‘जमलंय’ म्हटलं होतं. काटे-चमचे वाजत राहिले आणि थोरली एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिली. तिचा स्वतःचा घास चालू होता, शांतपणे, एकामागून एक.

“आवडलं ना?” तिनं विचारलं.

“हो वहिनी,” धाकटा म्हणाला, आणि बटाटा नुसताच खाल्ला.

“भावजी, ग्रेव्ही घ्या की.”

“घेतो.”

“मग घ्या.”

मधलीनं काटा खाली ठेवला. “जाऊबाई, ग्रेव्ही कशी झालीय?”

“जमलंय म्हटलं ना.”

“पुन्हा एकदा चाखून सांगा.”

नियम मोडला होता. सासूबाई असत्या तर मधलीला टेबलावरून उठवलं असतं. थोरलीनं चमचा भरला. सगळ्यांच्या नजरा त्या चमच्याबरोबर तिच्या तोंडापर्यंत गेल्या. तिनं चाखलं. पुन्हा चाखलं. खारट म्हणावं, अळणी म्हणावं, की तिखट म्हणावं, याचा ती जणू कोणाच्या तरी चेहऱ्यावरून अंदाज घेत होती, आणि कोणाचा चेहरा काही सांगत नव्हता.

“मीठ कमी आहे का?” तिनं हळूच विचारलं.

“गोड आहे,” मधली म्हणाली. “गोडमिट्ट.”

थोरलीनं पळी टेबलावर ठेवली. अलगद ठेवली, पण आवाज सगळ्यांना ऐकू आला.

“मला कळत नाही,” ती म्हणाली. “तो मोठा ताप आला होता ना, हे गेल्यानंतरच्या वर्षी, तेव्हापासून. वास नाही, चव नाही. काहीच नाही.” तिनं मागच्या दाराकडे बघितलं. “मागच्या दारात बसला असेल तो. बोलवा त्याला.”

धाकट्यानं जाऊन दार उघडलं. कुलूपवाला पायरीवर बसला होता. उन्हात, त्याच चांगल्या सदऱ्यात. त्याला आत आणलं. त्यानं टेबलाकडे बघितलं, पळीकडे बघितलं, आणि त्याला सगळं कळलं. खिशातला चमचा काढला, ग्रेव्हीत बुडवला, चाखला आणि हातानं तोंड पुसलं.

“साखर आहे,” तो म्हणाला. “मिठाचा कण नाही.”

“मीठ डावीकडेच असतं,” थोरली म्हणाली. “साखर खिडकीशी. मी बघतसुद्धा नाही.”

मधलीचा हात तोंडावर गेला. “फडताळ मी लावलं,” ती म्हणाली. “बरण्या मी हलवल्या.”

कोणी काही बोलायच्या आत धाकटीनं विचारलं, “मग कस्टर्डात काय घातलंय?”

सगळ्यांनी कस्टर्डच्या भांड्याकडे बघितलं. कुलूपवाल्यानं चमचा पुसला, तिकडे गेला, चाखलं, आणि खिडकीतून बाहेर थुंकला. “सगळं मीठ इथं आहे,” तो म्हणाला. धाकटा आधी हसला. मग मधला हसला, आणि त्यानं या खेपेस कपात बघितलं नाही.

“तुम्हाला कसं कळलं होतं?” मधलीनं कुलूपवाल्याला विचारलं. तिचा आवाज आता दवाखान्यातला नव्हता.

“लाँड्रीत चहा घेत होतो. दूध फाटलेलं. मी थुंकून टाकला, हिनं पूर्ण प्यायला. वर म्हणाली, छान झालाय.”

“आणि मला नाही सांगितलंत, जाऊबाई?”

“तुला सांगितलं असतं तर पळी कुठं असती आज?”

मधली उठली. भांड्यातली उरलेली ग्रेव्ही तिनं ओतून टाकली, कोंबडीचा खालचा रस काढला आणि नवी करायला घेतली. थोरली तिच्या शेजारी उभी राहिली, दाटपणा डोळ्यांनी बघत, ‘आता पीठ’, ‘आता पाणी’, ‘आता पुरे’ म्हणत. मिठाशी आल्यावर मधलीनं चाखलं आणि मान हलवली. मग पळी थोरलीच्या हातात दिली. थोरली टेबलाशी जाऊन म्हणाली, “जमलंय.”

पुढच्या वर्षाचं तिथंच ठरलं, फारशी चर्चा न होता. टेबल थोरलीच्याच घरी. मधली सकाळी येणार, चाखणार. “बरण्यांना हात लावायचा नाही,” एवढीच थोरलीची अट. कुलूपवाला जेवायला येतो, आता पुढच्या दारानं. पाववाला त्यामुळे जरा खट्टू झाला. इतक्या वर्षांची चांगली गोष्ट हातची गेली.

तेव्हा जे काही होतं ते एवढंच. थोरलीला चव कळत नव्हती, म्हणून कुलूपवाला दर नाताळला मागच्या दारानं यायचा, ग्रेव्हीतलं मीठ चाखायचा आणि तोंड पुसून निघून जायचा.