मागच्या फाटकाचा उतार

महायुद्धाच्या दिवसांत मध्यप्रांत-वऱ्हाड सरकारने आमच्या तालुक्याच्या गावी, कचेरीसमोरच्या बागेत, सार्वजनिक रेडिओ बसवला. बातम्या संपल्या की अर्धा तास गाणी लागत. बागेला लागून फरशीची पायवाट होती आणि तिच्यावर चढायला समोरच्या फाटकाशी तीन पायऱ्या. डोक्यावर ओझे असलेल्याने पायवाटेवर येऊ नये, अशी पाटी तेथे होती. मोळीवाल्या बाया खालून, नालीच्या कडेने जात. ती पाटी मी लहानपणापासून वाचत आलो होतो. तिच्यात काही खटकण्यासारखे आहे, असे मला वाटले नव्हते.

माझ्या थोरल्या बहिणीचे पाय बालपणीच्या तापात गेले होते. जानेफळच्या एका सुताराने तिला चार चाकांची ठेंगणी गाडी करून दिली होती. ती हातांनी जमीन रेटत पुढे सरके. तिला बागेत बसून गाणी ऐकायची होती. दुसरे कसलेही मागणे तिने केल्याचे मला आठवत नाही.

"पण मला पोत्यासारखं उचलून नेऊ नको," ती म्हणाली. "मी माझ्या हातांनी चढेन."

मी तेव्हा मराठी शाळेत शिक्षक होतो. पायऱ्या मोजल्या : प्रत्येकी सहा इंच, म्हणजे एकूण एक हात. एक हात उंचीला सहा हात लांबी, असा उताराचा नकाशा काढून गावच्या म्युनिसिपल कमिटीकडे अर्ज केला. अर्जात काय, किती, कशासाठी आणि कोठे हे चारही आले पाहिजे, असे मी मुलांना शिकवत असे. त्यांतली तीन मी नीट लिहिली. चौथे राहिले. समोरचे फाटक मी गृहीत धरले होते.

दिवाळीआधी उतार झाला, अगदी नकाशाबरहुकूम; पण मागच्या फाटकाला, जेथून कचऱ्याचा हातगाडा बाहेर पडे.

वडिलांनी ते जेवताना ऐकले. "झाडूवाल्यांच्या फाटकातून आपल्या घरची मुलगी जाणार नाही," ते म्हणाले आणि ताक मागितले. ताई दारापाशी बसली होती. मी ताकाचे भांडे त्यांच्यापुढे सरकवले. पुढे दुसरा अर्ज केला, त्यात चारही लिहिले. एका बागेला एक उतार पुरेसा आहे, असे उत्तर आले.

काही दिवसांनी बाग झाडणाऱ्या बाईने मला रस्त्यात हटकले.

"काऊन जी मास्तर, ताईले नाही आनलं? उतार त लय चांगला केला तुमी. पह्यले गाडा चढवता चढवता कंबर मोडे."

"आणू," मी म्हणालो.

"आना ना. मी झाडून ठेवीन. आमाले आत बसू नाही देत, पन फाटकापासून गानं झ्याक आयकू येते."

तिचे म्हणणे मी घरी सांगितले. वडील बाहेर गेले होते. ताई वाती वळत होती.

"उतार किती लांब झाला?" तिने विचारले.

"सहा हात."

"मग चढले असते," ती म्हणाली आणि पुढची वात घेतली.

गाडी अंगणातच होती. मी शाळेत गेलो.