तुर्की मासिक आणि आमची दुर्बीण

तुम्ही हसणार, हे मला माहीत आहे. तेव्हा आधी तो चहा संपवा, नाहीतर नाकातून बाहेर येईल. घोटाळे माझ्या हातून आजवर बरेच झालेत, पण मागच्या महिन्यात मी जे केलं ना, त्याला डोकं लागतं. तेही रिकामं!

अख्खी नोकरी मी इथे जळगावात पाइपच्या कारखान्यात काढली. पीव्हीसी पाइपला नुसती टिचकी मारून सांगेन, माल चांगला आहे की भेसळीचा. आणि आमची सोनल, एकुलती एक लेक, शेतकी शिकली आणि गेली तुर्कस्तानात. कशाला? केळी पिकवायला! अहो, जळगावची पोरगी केळीसाठी परदेशात जाते, याला काय म्हणायचं? तिकडे समुद्राकाठी म्हणे प्लास्टिकच्या मांडवात केळी लावतात. "अगं, रावेरला जा, हवी तेवढी केळी आहे," असं सांगून पाहिलं. ऐकतंय कोण!

ती लहान असताना आमच्याकडे एक मराठी विज्ञान मासिक यायचं. त्यात शेवटी 'घरी करून पाहा' असं पान असे. पोस्टमन दिसला की ही अनवाणी पळत सुटायची. तसंच वाचून एकदा आम्ही दोघांनी दुर्बीण केली. पाइपाचं खातं माझं, भिंगांचं तिचं. मोठं भिंग चष्म्याच्या दुकानातून, लहान भिंग घड्याळजीकडून. पहिल्यांदा चंद्र पाहिला तेव्हा गच्चीवरून ओरडली, "पप्पा, चंद्राला कांजिण्या झाल्यात!" शेजारचे धावत वर आले होते.

आणि आता? आता फोनवर काय बोलणं होतं सांगू?

"जेवलीस का?"

"जेवले. तुम्ही?"

"जेवलो."

"आई?"

"तीही जेवली."

संपलं! "बरं, ठेवते पप्पा." आठवण येत नव्हती असं नाही हो. इतकी यायची, की तोंडातून शब्द फुटायचा नाही. फोन ठेवून मी तसाच खुर्चीत बसून राहायचो आणि सोनलची आई आतून विचारायची, "काय म्हणाली?" काय सांगणार, जेवली म्हणून?

अशात एक दिवस तिच्या ऑफिसातला मुलगा सुट्टीवर भुसावळला आला, त्याच्याबरोबर तिनं एक पुडकं पाठवलं. आत जुनं, पिवळं पडलेलं मासिक. फोन आला तर पोरगी उत्साहात! "पप्पा, इस्तंबूलच्या जुन्या बाजारात मिळालं. इथलं जुनं विज्ञान मासिक आहे. त्या काळी इथले लोक युरोपातलं विज्ञान आपल्या भाषेत आणायला धडपडत होते. विजेला काय म्हणायचं, हवेच्या दाबाला काय म्हणायचं, इथपासून सुरुवात. एक अंक यायचा आणि कॉफीच्या दुकानात एकजण मोठ्यानं वाचायचा, बाकीचे ऐकायचे."

मी म्हटलं, "म्हणजे आपल्यासारखंच की! आपल्याकडेही आधी शब्द घडवले, मग विज्ञान सांगितलं."

"हो ना! आणि गंमत म्हणजे आता इथल्या लोकांना ते वाचताच येत नाही. मधे लिपी बदलली. माझी मैत्रीण एलिफ म्हणते, हे फक्त तिच्या पणजोबांनाच वाचता आलं असतं."

ऐकून बरं वाटलं मला. म्हणजे मी आणि अख्खं तुर्कस्तान एकाच वर्गात नापास!

"त्यात दुर्बिणीचं पान आहे, पप्पा. ते बघून तुमच्यासाठीच घेतलं. आपली दुर्बीण आहे ना अजून?"

"आहे म्हणजे! एकदम टकाटक!"

"मग रविवारी व्हिडिओवर दाखवा."

कितीतरी महिन्यांनी आम्ही जेवणाशिवाय बोललो होतो. माझा आनंद गगनात मावेना. पण टकाटक कुठली? दुर्बीण होती माळ्यावर, कुलरच्या मागे. काढली तर आतून कोळ्यानं संसार थाटलेला, भिंगावर बुरशी. पलीकडचं काही दिसेल तर शपथ! आता रविवारी लेकीला हे दाखवायचं?

मी मासिक उघडलं. उघडल्या उघडल्या जाहिराती. म्हटलं, चालायचंच, पैसे तर त्यांनाही लागत असणार. मुखपृष्ठ मात्र मागे लावलेलं. बाइंडरची चूक म्हणून मी त्या तुर्की बाइंडरला दोन शिव्याही घातल्या.

शेवटी ते पान सापडलं. एका ओळीत चार चित्रं. तुर्की टोपी घातलेला, मिशाळ गृहस्थ. पहिल्या चित्रात तो दुर्बिणीतून चंद्र बघतोय, बायकापोरं शेजारी. दुसऱ्यात नळीच्या तोंडाशी भिंग धरून बसलाय. तिसऱ्यात हातात करवत, नळी कापतोय. चौथ्यात सगळी भिंगं कापडावर मांडून पुसतोय. मी आनंदानं ओरडलोच, "अगं, दुर्बीण साफ कशी करायची तेच पान आहे!"

आमची ही धुळ्याकडची. एरवी साधं बोलते, पण संशय आला की अहिराणीवर येते. चष्मा लावून तिनं पान पाहिलं. "साफसफाईले करवत काब्रं लागस?"

"करवत का म्हणजे? जुन्या लोकांचं काम मुळापासून असतं. तुला नाही कळायचं."

"मंग शेख सरले ईचारा ना."

शेख सर म्हणजे आमचे शेजारी, उर्दू शाळेतून रिटायर झालेले. त्यांना ती अक्षरं तरी लागली असती. पण ते गेले होते धुळ्याला मुलीकडे, सोमवारी येणार. आणि मला घाई रविवारची! म्हटलं, "चित्राला कुठली आली भाषा? चित्र म्हणजे चित्र!"

हे वाक्य लक्षात ठेवा. माझ्या तोंडून निघालेलं ते शेवटचं शहाणं वाक्य.

मग काय! गच्चीवर चटई टाकली. मोठं भिंग सोलवंटनं चिकटवलेलं, ते खिळ्यानं खरवडून काढलं. लहान काढलं. मग आरी घेतली. हात जरा थबकला, खोटं नाही सांगत. ज्या पाइपावर पोरीनं स्केचपेननं तारे काढले होते तो कापायचा? पण मिशाळ गृहस्थाकडे पाहिलं. किती आत्मविश्वासानं कापत होता! मीही कापला. भिंगं घासूनपुसून कापडावर मांडली आणि पुढचं चित्र बघायला पान उलटलं. तर पुढे रेशमाचे किडे!

पुन्हा जोडायचं कसं ते कुठेच नाही. मी सगळा अंक चाळला. किडे, गलबतं, कुणाचा तरी जबडा. ही वर आली, चटईवरचा पसारा पाहिला आणि कपाळावर हात मारला. "हाई बठ्ठं खोली टाकं? आते जोडी कोन दी?" सगळं खोलून तर बसलो होतो, जोडून कोण देणार ते मलाही माहीत नव्हतं.

रविवारी संध्याकाळी फोन आला. माझ्याकडे गच्चीवर तिन्हीसांजा, तिच्याकडे लख्ख ऊन. मी कॅमेरा चटईवर फिरवला. म्हटलं, "हे बघ, तुझ्या मासिकात सांगितलंय तसंच सगळं केलं. टोपीवाल्यानं जोडायचं तेवढं सांगितलं नाही. विसरला असेल बिचारा."

सोनल फोनला नाक लावून बघत होती. मग हळूच म्हणाली, "पप्पा, तुम्ही पान कुठल्या बाजूनं वाचलंत?"

"कुठल्या म्हणजे? डावीकडून. माणसं वाचतात तसं!"

"पप्पा, ती लिपी उजवीकडून वाचतात. चित्रंसुद्धा! तो दुर्बीण साफ नाही करत, तयार करतोय! आधी भिंगं पुसली, मग नळी कापली, मग भिंग बसवलं, मग चंद्र पाहिला!"

म्हणजे बघा, दुर्बीण कशी करावी हे वाचून दुर्बीण मोडणारा जगात मी एकटाच! आणि त्या बाइंडरला शिव्या घातल्या त्या वेगळ्याच.

पोरगी हसत सुटली. हसता हसता ओढणी डोळ्यांना लावली, आणि मग माझ्या लक्षात आलं की हसू कधीच थांबलंय. "तारे काढलेला तुकडा दाखवा ना," म्हणाली. मी दाखवला. बराच वेळ बघत राहिली. "पप्पा, मला घरी यावंसं वाटतं हो." म्हटलं, "ये ना मग." आणि पुढे, सवयीनं, "जेवलीस का?"

त्यावर पुन्हा हसली. "चला, उठा! मी फोन ठेवत नाही, आपण जोडू."

पाइप जोडायला सॉकेट हवं. धावत कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्या रतनभाऊंकडे गेलो, फोन चालूच. रतनभाऊ मला वर्षानुवर्षं ओळखतात. म्हणाले, "साहेब, नोकरीत असताना पाइप बनवायचात, आता कापायला लागलात?" खिशातून पोरगी खो खो हसली. रतनभाऊ दचकून गल्ल्यामागे सरकले.

मग काय रंगली मैफल! ती तिकडून सांगतेय, मी इकडे बसवतोय, ही टॉर्च धरून उभी. केळीच्या गोष्टी निघाल्या, एलिफच्या सासूच्या निघाल्या, तिथली भाकरी कशी असते ते निघालं. तिथे किती एकटं वाटतं, हेही पहिल्यांदाच बोलली. इतक्या गप्पा आम्ही ती इथे असतानाही मारल्या नसतील. सॉकेट बसलं, भिंगं बसली, दुर्बीण स्टँडवर चढली. चंद्र वर आलाच होता.

"बघा पप्पा, आणि मला सांगा. कांजिण्या दिसतात का?"

मी डोळा लावला. नीट पाहिलं. पुसून पुन्हा पाहिलं.

"दिसतोय गं. पण मुगाच्या डाळीएवढा. पूर्वी असा नव्हता."

मग जपून विचारलेला प्रश्न, "पप्पा, मोठं भिंग कुठे आहे?"

"माझ्या डोळ्याशी. तूच म्हणालीस ना, सगळं उलट्या बाजूनं करायचं?"

आता तुम्हीच सांगा, माझ्यासारखा बाप कुठे मिळेल? लेक आधीच लांब होती, मी गच्चीवर बसून चंद्रालाही लांब पाठवलं.