जाळीतून गाळलेला नातू

चोकअपकाकाच्या मते जगात माणसं दोनच प्रकारची. एक, मोरीत वाट्टेल ते टाकणारी. आणि दुसरा, ते बाहेर काढणारा तो स्वतः.

चोकअपकाका हे त्याचं खरं नाव नव्हे. तुंबलेल्या मोऱ्या, बेसिनं आणि संडासाच्या लाईनी मोकळ्या करणं हा त्याचा धंदा. कोणाकडे पाणी उतरेनासं झालं की ‘चोकअप झालंय, काकांना बोलवा’ अशी हाक जाते. असं होता होता ते दोन शब्द एकमेकांना चिकटले ते चिकटलेच, साबणाच्या वडीला केस चिकटावा तसे. आता त्याचं खरं नाव त्याच्या बायकोला आठवत असेल तर असेल. ती सांगत नाही.

धंद्यात तो वाईट नाही. हे लिहिताना हात जड होतो, पण नाही वाईट. बेसिनसमोर गुडघे टेकून तो पाईपाला कान लावतो, डोळे मिटतो, आणि आजारी माणसाची छाती तपासणाऱ्या डॉक्टरच्या चेहऱ्याने म्हणतो, ‘बोलतीये.’ लाईन बोलते, असं त्याचं म्हणणं. तुंबली की ती गुडगुडते, घुसमटते, ढेकर देते. मोकळी असली की गप्प असते. आवाज आला की अडकलं, आवाज गेला की सुटलं. एवढ्या एका शोधावर या गृहस्थाने घर बांधलं, मुलगा वाढवला आणि आळीतल्या प्रत्येकाचा किमान एकदा तरी पाणउतारा केला.

हा शोध त्याने मोरीपुरता ठेवला असता तर आमची काही तक्रार नव्हती. पण ज्याच्या हातात पाना असतो त्याला सगळं जग नटबोल्टाचं दिसतं, आणि याच्या तर हातात पाना, खांद्यावर लाईनीत फिरवायची स्प्रिंग आणि काखेत रबरी पंप. बायको बोलायला लागली की हा समजायचा, हिच्यात काहीतरी अडकलंय, वाहू द्यावं. मुलगा गप्प असला की समजायचा, पोरगं सुरळीत चाललंय. मुलाने हे लहानपणीच ओळखलं आणि तेव्हापासून त्याने तोंड उघडलेलं नाही. तो मालवाहू व्हॅन चालवतो, घरी येतो, जेवतो, मान हलवतो. लग्नाला होकारही त्याने मानेनेच दिला म्हणतात.

होकार मिळाला तो मात्र चांगल्या मुलीकडून. सून चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवते. काम बारीक, नजर त्याहून बारीक. बाळंतपणाची रजा संपत आली तेव्हा दुकानदाराने तिला सांगून ठेवलं होतं की महिनाअखेरपर्यंत जागा राखतो, पुढे दुसरी बाई बघेन. सासूचे गुडघे कामातून गेलेले, त्यामुळे रांगणाऱ्या पोरामागे दिवसभर धावणं तिच्याने होणार नव्हतं. उरलं कोपऱ्यावरचं पाळणाघर. पाळणाघरवाल्या बाई गोड होत्या, पण एका बाबतीत कडक. मूल आपल्या हाताने मऊ तुकडे उचलून खाणारं हवं. एकेकाला मांडीवर घेऊन चमच्याने पेज भरवत बसायला मला हात दोनच आहेत, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं.

म्हणजे प्रश्न सरळ होता. पोराने महिनाअखेरीच्या आत गाजराचा तुकडा उचलून खाल्ला तर आईची नोकरी राहणार, नाही तर जाणार. पोराचं नाव कागदोपत्री काहीतरी भारदस्त आहे, पण घरात सगळे त्याला ठोंब्या म्हणत. ठोंब्याला आठ महिने झाले होते, पाठ ताठ करून बसता येत होतं आणि समोर दिसेल ते तोंडात घालायची तयारी होती. सगळं जुळून आलं होतं. मध्ये आजोबा होता.

पहिल्या दिवशी सुनेने गाजर बोटाने चिरडेल इतकं उकडून, बोटाएवढे लांबट तुकडे करून ठोंब्यापुढे ठेवलं. ठोंब्याने एक तुकडा मुठीत धरला, वरचं टोक हिरड्यांनी तोडलं, आणि ते जिभेच्या मागे गेल्याबरोबर त्याने डोळे मोठे केले, चेहरा लाल केला आणि ‘ऑक, ऑक’ असा आवाज काढायला सुरुवात केली. सुनेने हे आधीच विचारून, वाचून ठेवलं होतं. ती जागची हलली नाही, फक्त त्याच्याकडे बघत राहिली. पण पलीकडच्या खोलीत चोकअपकाकाने आवाज ऐकला. आवाज! तो उठला, धावला, आणि कसलाही विचार न करता दिवसभर लोकांच्या मोऱ्यांत फिरवलेलं बोट त्याने नातवाच्या घशात खुपसलं. ठोंब्याने गाजर, त्याआधीचं दूध आणि बहुधा त्याच्याही आधीचं काहीतरी आजोबाच्या शर्टावर ठेवलं.

‘बाबा, तो खोकतोय तोवर त्याला हात लावायचा नाही,’ सून म्हणाली. ‘आवाज येतोय म्हणजे हवा जातेय. बोट घातलं तर तुकडा आणखी आत जातो.’

‘आवाज येतोय म्हणजे अडकलंय,’ चोकअपकाका शर्ट पुसत म्हणाला. ‘तू मला चोकअप शिकवतेस?’

त्याच संध्याकाळी हुकूम सुटला. पोराचा पाईप करंगळीएवढा, त्यातून जाणार काय आणि अडकणार काय. तेव्हा सगळे दात येईपर्यंत पोटात जे जाईल ते जाळीतून गाळून जाईल. आणि नुसता हुकूम सोडून तो थांबला नाही. माळ्यावरून त्याने आपला पत्र्याचा डबा काढला. या डब्यात लोकांच्या मोऱ्यांतून काढलेल्या वस्तू तो धुऊन ठेवतो: बाहुलीचा हात, कंगव्याचा तुकडा, एक चमचा, आणि कोणा बिचाऱ्याची खालची कवळी. ऐन जेवणाच्या वेळी त्याने ती कवळी टेबलावर ठेवली आणि विचारलं, ही आत गेली तेव्हा तो माणूस काय म्हणाला असेल? जाईल हो, असंच म्हणाला असेल ना? सुनेचं जेवण तिथेच संपलं. मुलाने मान हलवली. कोणत्या बाजूने, ते कळलं नाही.

तेव्हापासून सासूच्या नशिबी चाळणी आली. गाजर गाळ, बटाटा गाळ, केळं गाळ. केळं गाळणारा माणूस तुम्ही पाहिला आहे का? आम्ही पाहिला आहे. तो शेजारी उभा राहून दाबून गाळ, दाबून गाळ असं सांगत असतो. त्यातून जे निघायचं त्याला रंग नव्हता, चव नव्हती, भिंतीला लावलं असतं तर रंगाऱ्याची लांबी म्हणून खपलं असतं. ते भरवताना चोकअपकाका नातवाच्या गळ्याला कान लावून बसायचा. दर घासाला ‘गेलं’ म्हणायचा. ठोंब्या चमचा दिसला की तोंड फिरवू लागला, आणि तोंड फिरवलं की आजोबा सांगायचा की पोट भरलं.

शेवटी सासू-सुनेने कट केला. एरवी या दोघींचं एकमेकींशी भांड्यांच्या आवाजातून बोलणं चालायचं, पण चाळणीने मनगट भरून आल्यावर सासूचं मन वळलं. चोकअपकाका स्प्रिंग खांद्यावर टाकून बाहेर पडला की इकडे गाजर उकडायचं. सून ठोंब्यासमोर मांडी घालून बसायची. तुकडा मोठा तुटला, पोर भांबावलं, की ती त्याच्या तोंडात बोट घालायची नाही. स्वतः ‘आऽऽ’ करून जीभ हनुवटीपर्यंत लांब काढायची. ठोंब्याला ही भारी गंमत वाटायची. तोही आऽऽ करून जीभ काढायचा आणि तुकडा जिभेवरून घसरून पुढ्यात पडायचा. मग दोघं हसायची. सासूही कधीकधी जीभ काढायची, सवय नसल्यामुळे जरा लाजत.

एकदा चोकअपकाका विसरलेला पाना घ्यायला अर्ध्या वाटेतून परत आला. सासूने ताटलीतले उकडलेल्या बटाट्याचे तुकडे होते तेवढे स्वतःच्या तोंडात कोंबले आणि गाल फुगवून भिंतीकडे बघत बसली. त्याने विचारलं, सगळं ठीक? तिने मान हलवली. घरात आवाज नाही, म्हणजे लाईन मोकळी. पाना उचलून तो समाधानाने निघून गेला.

आता या माणसाची दुसरी सवय सांगायला हवी, म्हणजे पुढचं कळेल. जगाने मोरीत काय टाकलं याचा डबाभर पुरावा बाळगणारा हा माणूस स्वतःच्या खिशांच्या बाबतीत अगदी ढिसाळ. त्याच्या पँटच्या खिशात नेहमी मूठभर वॉशर, स्क्रू आणि टेपचे तुकडे असतात. घरी आला की पँट खुर्चीच्या पाठीवर उलटी फेकतो. सासूने आयुष्यभर झाडूने वॉशर गोळा केले. त्यावरून कधी ती बोललीच तर हा म्हणायचा, वाहू दे.

सुट्टीचा दिवस होता. महिना संपायला आला होता आणि सुनेने ठरवलं होतं की आज सगळ्यांसमोर सांगायचं, पोर खातं, मी उद्या त्याला पाळणाघरात घालते. ती ओट्यापाशी गाजरं सोलत मनातल्या मनात वाक्यं जुळवत होती. सासू कपड्यांच्या घड्या घालत होती. मुलगा खिडकीशी नखं कापत होता. चोकअपकाका पाय पसरून बसला होता, शेजारी खुर्चीवर पँट, खुर्चीखाली सतरंजीवर ठोंब्या. आणि चोकअपकाका गाळलेल्या अन्नाचे फायदे सांगत होता. पोट साफ. झोप शांत. स्वभाव शांत.

‘बघा,’ तो म्हणाला, ‘मघापासून हूं नाही की चूं नाही. कसा गुपचूप बसलाय.’

ओट्यापाशी सुरी खाली पडली. सून ओल्या हातांनी धावत आली.

ठोंब्या खरंच गुपचूप बसला होता. पाठ ताठ, डोळे मोठे, ओठ मिटलेले, आणि गाल आतल्या आत हलत होता. चोकअपकाकाने तिचा चेहरा पाहिला, मग नातवाचा, आणि मग खुर्चीखाली विखुरलेले आपले वॉशर पाहिले. त्याच्या तोंडाचा रंग त्या गाळलेल्या केळ्यासारखा झाला. त्याचं बोट आपोआप पुढे झालं.

‘बाबा, हात मागे,’ सून म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. सासूने पुढे होऊन नवऱ्याचं मनगट धरलं. चाळणीने तिचा हात चांगला भक्कम झाला होता.

सून पोरासमोर गुडघ्यांवर बसली. स्वतःला हसायला लावलं. मग तिने तोंड उघडलं, आऽऽ केलं आणि जीभ हनुवटीपर्यंत बाहेर काढली.

ठोंब्या तिच्याकडे बघत राहिला. त्याला खेळायचं आहे की नाही हे तो ठरवत होता. सासूनेही जीभ काढली. खिडकीशी बसलेला मुलगा उठून आला आणि त्यानेही तोंड उघडलं. लहानपणानंतर पहिल्यांदाच, हे वेगळं सांगायला नको. इतकी माणसं एकदम जीभ काढून बसलेली पाहून ठोंब्याला हसू आलं. त्याने आऽऽ केलं आणि जीभ बाहेर काढली. जिभेवर काळा रबरी वॉशर होता. तो घसरून सुनेच्या तळहातावर पडला.

चोकअपकाकाने मान लांब करून तो नीट पाहिला.

‘अर्ध्या इंचाचा आहे,’ चोकअपकाका म्हणाला.

त्याला कोणी विचारलं नव्हतं. पण धंदा म्हणजे धंदा. मरणाच्या दारातही हा माणूस आधी बिजागरी तपासेल.

सुनेने जुळवलेलं एकही वाक्य म्हटलं नाही. तिने वॉशर त्याच्यासमोर टेबलावर ठेवला, कवळी ठेवली होती त्याच जागी. मग गाजर उकडलं, लांबट तुकडे केले आणि ठोंब्याला खुर्चीत बसवून पुढ्यात ठेवले. चोकअपकाका समोर बसला. हात कुठे ठेवावे ते कळेना, म्हणून त्याने ते मांड्यांखाली घेतले आणि त्यांच्यावर बसला. ठोंब्याने तुकडा उचलला, चावला, आणि लाल होऊन ‘ऑक, ऑक’ करायला लागला. चोकअपकाका खुर्चीतल्या खुर्चीत उकळला.

‘आवाज येतोय का?’ सासूने विचारलं.

‘येतोय.’

‘मग बसा गप.’

ठोंब्याने ऑक केलं, खोकला, तुकडा पुढे आणला, पुन्हा चघळला आणि गिळला. मग दुसऱ्या तुकड्याकडे हात नेला. चोकअपकाकाच्या कपाळावरून घाम ओघळून नाकाच्या शेंड्यावर लोंबत होता, पण हात बाहेर आले नाहीत. एवढं श्रेय त्याला द्यायला हवं. याहून जास्त द्यायची आमची तयारी नाही.

कारण दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर त्याने जाहीर केलं की मोरीचं आणि माणसाचं उलटं असतं. मोरी बोलली तर तुंबली, पोर बोललं तर मोकळं. हे तो म्हणे पहिल्यापासून सांगत आला, पण घरातल्या बायकांच्या डोक्यात शिरायला वेळ लागला. टपरीवाल्याने चहा गाळता गाळता मान खाली घातली. त्याला घरची हकिकत आधीच कळली होती. आमच्या आळीत भिंती पातळ आहेत.

महिना संपायच्या आत सून चष्म्याच्या दुकानात परत गेली. ठोंब्याला पाळणाघरात सोडायचं काम चोकअपकाकाने कोणी न सांगता स्वतःकडे घेतलं. आता तो घरात शिरताना दारातच खिसे डब्यात रिकामे करतो. पहिल्या दिवशी त्याने पाळणाघरवाल्या बाईंनाही खिसे दाखवायला सांगितलं. बाईंनी त्याला दाराबाहेर काढून आतून कडी घातली.

आम्ही तिथून जात होतो. हा गृहस्थ दाराला कान लावून, डोळे मिटून उभा. आत पोरं खोकत होती, ओरडत होती, ताटल्या आपटत होती. एक कोणीतरी भोंगा पसरून रडत होतं. काय चाललंय म्हणून आम्ही विचारलं.

‘बोलतीये,’ चोकअपकाका म्हणाला. जणू ती लाईन त्यानेच टाकली होती.