एका सहीचा निरोप

कुठलाही फॉर्म हातात आला की चाचा चष्मा कपाळावर चढवून विचारायचे, “ज्यानं हा बनवला, त्यानं कधी भरलाय काय?”  

चाचा रत्नागिरीकडचे. कुवेतमधल्या मंगफच्या आमच्या ऑफिसात ते मंदूब होते, म्हणजे कंपनीचे कागद घेऊन सरकारी कचेऱ्यांत फिरणारे. परदेशात नोकरी केली असेल तर अशा माणसाची किंमत तुम्हाला सांगायला नको. जेवताना आम्ही क्रिकेट बघायचो. चाचा मोबाइलवर ब्रिटिश संसदेच्या समितीतल्या चौकशा बघायचे. तिथल्या एक खासदारबाई करखात्याच्या आणि एकूणच सरकारी कारभाराच्या हात धुऊन मागे लागल्या होत्या. जन्मात आयकर न भरलेला हा माणूस त्या बाईंवर बेहद्द खूश होता.

“चाचा, इथं कुवेतमध्ये आपल्याला कर कुठाय?” मी चिडवायचो.

“कर नाय, पण फॉर्म हायत ना?”

एकदा बाईंनी करखात्याचाच फॉर्म तिथल्या साहेबांपुढे ठेवून भरायला लावला. साहेब दुसऱ्याच पानावर अडकले. तेवढा तुकडा चाचांनी मला चार वेळा दाखवला.

मग माझ्यावर वेळ आली. नाशिकला बायकोचे दिवस भरत आले होते आणि डॉक्टरांनी अचानक तारीख अलीकडे आणली. रजेच्या फॉर्मवर आठ टेबलांच्या आठ सह्या लागत. सात झाल्या, आठवा माणूस स्वतःच रजेवर. विमान संध्याकाळचं. मी रडकुंडीला आलो. चाचांनी एक कोरा फॉर्म उचलला आणि मला ओढत मॅनेजरच्या केबिनमध्ये नेलं.

“साब, एक बार आप भर के देखिए.”

मॅनेजर हसत भरायला बसले. पाचवी सही कुणाची घ्यायची, हे त्यांनाच ठाऊक नव्हतं. हसणं थांबलं. माझ्या फॉर्मवर त्यांनी स्वतः सही केली आणि लेक जन्मली तेव्हा मी दाराबाहेर उभा होतो.

परत आलो तर फॉर्म एका सहीचा झाला होता. रजेचाही आणि नोकरी सोडून जाण्याचाही. माझा पेढा तोंडात टाकत चाचा म्हणाले, “बाईंना कळवाया हवं.”

पूर्वी कायमचा जाणारा माणूस सह्यांसाठी आठवडाभर टेबलांवरून हिंडायचा. प्रत्येक टेबलाशी चहा, गप्पा, गावचे पत्ते. निरोप वेगळा घ्यावाच लागत नसे. गेल्या वर्षी चाचा कायमचे गावी निघाल्याचं कळलं, तेव्हा मी सुलैबियाच्या साइटवर होतो. जुन्या सवयीनं म्हटलं, अजून आठवडा आहे, निवांत भेटू. दुसऱ्या दिवशी ऑफिसात आलो तर त्यांची खुर्ची रिकामी. मला फार लागलं ते. लगेच फोन केला. ते विमानतळावर होते.

“न भेटताच निघालात, चाचा?”

“मी फॉर्म घेऊन आठही टेबलं फिरणार होतो रे,” ते म्हणाले. “पण पहिल्याच टेबलावर सही झाली. म्हणाले, चाचा, आपका काम हो गया.”