कुणाची हरकत आहे?

पेणहून रोह्याला लग्नं लावायला येणारे आमचे पाळकसाहेब उपदेशापेक्षा एका प्रश्नात जास्त रमतात. मी चर्चमध्ये कीबोर्ड वाजवतो, त्यामुळे मला सगळं जवळून दिसतं. "या विवाहाला कुणाची हरकत असेल तर आत्ताच सांगा," असं म्हणून ते चष्मा काढतात, सावकाश पुसतात आणि शेवटच्या बाकापर्यंत एकेक चेहरा न्याहाळतात. तोवर नवरदेवाचा कोट घामाने भिजतो. मग बाहेर आल्यावर हसून म्हणतात, "लोकांना जरा देवाचं भय नको व्हय?"

गेल्या मे महिन्यात निडी गावच्या एका मुलीचं लग्न होतं. साहेबांचा चष्मा पुसून व्हायच्या आत नवरीच म्हणाली, "माझी हाय हरकत."

साहेब वाकून प्रेमाने म्हणाले, "अगो, हा प्रश्न मंडळीला हाय, तुला नाय." आणि त्यांनी मला गीत सुरू करायची खूण केली.

तिनं हातातला गुच्छ माझ्या कीबोर्डवर टाकला आणि आईचा हात धरून ती निघून गेली. गुच्छाखाली दोनतीन पट्ट्या एकदम वाजल्या. त्या दिवशीचं गीत तेवढंच झालं.

हल्ली साहेब तो प्रश्न डोळे मिटून विचारतात आणि लगेच स्वतःच 'आमेन' म्हणून टाकतात.