वच्छलाअक्कानं भरलेला कलश

वच्छलाअक्का माझी थोरली जाऊ. तिच्या तोंडाला लागायची गावात कुणाची छाती नव्हती. ग्रामसेवक आमच्या गल्लीतून जाताना सायकलची घंटीसुद्धा वाजवायचा नाही, न जाणो अक्का बाहेर आली तर! मी तर तिच्या चुलीला चूल लावून नांदले, तेव्हा माझ्या वाट्याला काय काय आलं असेल ते तुम्हीच समजा. पण तिच्याबद्दल कुणी वाकडं बोललेलं मला आजही खपत नाही. का खपत नाही, ते सांगते. आमचं बोलणं सगळं अहिराणी, पण तुमच्यासाठी जमेल तसं पुस्तकातल्या मराठीत सांगते.

गावात पहिला रंगीत टीव्ही आला, त्या वर्षीची गोष्ट. आमचं गाव शिरपूरकडचं, तापीच्या अगदी काठावर. आषाढ निम्मा झाला आणि तापी गावात शिरली. माणसं माळावर पळाली म्हणून वाचली. पाणी ओसरल्यावर खाली येऊन बघतो तर घराघरात गुडघाभर गाळ, अंगणात कुणाची तरी मेलेली म्हैस, आणि गावविहिरीत उकिरडा तरंगतोय. नळाची मोटर तर नदीनंच नेली. मग लोक प्यायचे काय? तापीचंच! वाळूत झिरा उकरायचा आणि वाटीवाटीनं हंडा भरायचा. तापीमायचं पाणी बाधत नाही, हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं. आठवडा झाला नाही तर घरोघरी उलट्या-जुलाब सुरू झाले.

अशात जळगावहून एका टेम्पोतून काही पोरं आली. तिकडे पाइपांच्या कारखान्यात कामाला होती, पगारी सुट्ट्या टाकून आलेली. त्यांचा म्होरक्या हिलाल. शिडशिडीत, कमी बोलणारा, कानावर कायम पेन्सिल खोचलेली. माळावरच्या बोअरला पुराचं पाणी लागलं नव्हतं. त्या पोरांनी तिथून गावाच्या वेशीपर्यंत पाइप टाकला, मारुतीच्या पाराजवळ काळी टाकी बसवली, तिच्यात औषध घातलं आणि तोट्या लावल्या. कुणी बोलावलं नव्हतं, कुणी हार घालणार नव्हतं. गाळात पाय रुतवून दिवसभर राबायची बिचारी.

आणि आमच्या लोकांनी काय करावं? नाक दाबलं! सुकदेव नाना म्हणजे आमच्या भाऊबंदकीतले सगळ्यात मोठे. ते तोटीजवळ आले, ओंजळ हुंगली आणि म्हणाले, "हाई पानी शे का फिनाईल?" झालं, नानांनी नाक मुरडलं म्हटल्यावर सगळ्या गावानं मुरडलं. बाया हंडे घेऊन टाकीच्या समोरून नदीवर जायला लागल्या. पोरं नुसती बघत बसायची.

अक्काला ते बघवेना. पोरांची चूल तिनं पहिल्याच दिवशी बंद केली होती. "माझ्या दारात येऊन तुम्ही हातानं भाकरी थापता? लाज काढता का माझी?" असं म्हणून त्यांचं जेवण स्वतःकडे ओढून घेतलेलं. मला न विचारता, हेही सांगून ठेवते. भाकरी थापायला मी होतेच! आता ती दारोदार फिरायला लागली. कुणाला शिव्या, कुणाला गोडीगुलाबी. बाया म्हणायच्या, "अक्का, वासाचं पाणी देवाला कसं चालेल? कानबाई तोंडावर आली."

कानबाई म्हणजे आमच्या खानदेशाची देवी. नागपंचमीनंतरच्या रविवारी बसते, सोमवारी नदीत बोळवायची. भाऊबंदातल्या प्रत्येकाच्या नावानं मूठ मूठ गहू मोजायचे, त्याचे रोट करायचे, ते सगळ्या भाऊबंदांनी एकत्र बसून खायचे. आमच्या कुळाची कानबाई वच्छलाअक्काच्या घरी बसायची. तिचा कलश अक्काच भरायची, दरसाल तापीच्या पाण्यानं.

बायांची अडचण खरीच होती. अक्कानं त्यावर तोड काढली. म्हणाली, "अगं, टाकीचं पाणी रात्रभर उघडं ठेवा, वास उडून जाईल. सकाळी त्यात तांब्याभर तापी घाला. तापी पडली की पाणी आपलं झालं!" काय पटलं म्हणता बायांना! दुसऱ्या दिवशी टाकीसमोर रांग लागली. हिलाल पहिल्यांदा हसताना दिसला तो तेव्हा. पोरांना यातलं काहीच माहीत नव्हतं. ती दिवसभर पाइपाच्या कामात, आणि तांब्या पडायचा घरात, देवघरापुढे. अक्का तर अशी चालायची, जणू टाकी तिच्या माहेरहून आली होती.

पण जुलाब थांबेनात.

उलट वाढले. शनिवारी अक्काची सून सुमन आडवी पडली. सातवा महिना चालू होता पोरीला. उलट्या काही केल्या राहिनात, डोळे खोल गेले, हातपाय गार पडले. तिच्या नवऱ्यानं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गोधड्या घातल्या आणि तिला शिरपूरला दवाखान्यात नेलं. अक्का ट्रॉलीमागे वेशीपर्यंत पळत गेली. पुढे जाता येईना, कारण घरात कानबाई बसायची होती. तिथेच मारुतीच्या पारावर ती बसून राहिली. मी जवळ जाऊन बसले, तर तिनं माझा हात धरला. आमच्या इतक्या वर्षांच्या संसारात ते पहिल्यांदाच.

नाना आणि चारदोन माणसं तिथेच जमली. नाना म्हणाले, "आता बस झालं. टाकीच्या औषधानंच माणसं मरायला लागली. कानबाई बसायच्या आत हा पाइप उखडून टाका." पोरांनी ऐकलं. हिलालचा चेहरा पांढरा पडला. तो तोटीकडे गेला, ओंजळ धरली आणि घटाघटा पाणी प्याला. तहानच लागली असेल त्याला. बाकीची पोरंही आली, तशीच ओंजळीनं प्याली.

अक्का बघत होती. मग हळूच मला म्हणाली, "लता, ही पोरं आली तेव्हापासून हेच पाणी पितात ना गं?"

"हो."

"यांच्यात कुणी आडवा पडला का?"

"नाही."

"जेवतात आपल्याच घरचं. भाकरी तूच थापतेस."

"मग काय माझ्या भाकरीत खोट काढतेस?" मी उसळले. सवयच ती.

तिचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. "पाणी तेवढं इथलं पितात, तोटीचं. आपल्या हंड्यातलं नाही. आपल्या हंड्यात..." आणि ती थांबली. मग तिनं पदर तोंडात कोंबला. मला कळायला जरा वेळ लागला. तो तांब्या! रोज सकाळी घराघरात तापीचा एक एक तांब्या पडत होता. सुमनच्याही हंड्यात पडत होता, आणि घालणारी होती तिची सासू.

मी म्हटलं, "अक्का, कुणाला बोलू नकोस. उद्यापासून घालू नका एवढंच बायांना सांगू. टाकीबद्दल नानांना मी समजावते."

तिनं माझ्याकडे एकदाच बघितलं, पदर खोचला आणि घराकडे निघाली.

रविवारी दुपारी सगळी भाऊबंदकी अक्काच्या अंगणात गोळा झाली. चौरंग मांडलेला, केळीचे खांब बांधलेले, डफवाले आलेले. रोटांची कणीक मळायची होती, पाणी हवं होतं. नाना दोघाचौघांना घेऊन पाना हातात धरूनच आले होते. आधी पाइप काढायचा, मग देवी बसवायची, असं त्यांनी ठरवलेलं. अक्का देवघरातून बाहेर आली, हातात कानबाईचा रिकामा कलश. नानांसमोर तिच्या डोक्यावरचा पदर कधी ढळला नव्हता, तो तेव्हाही ढळला नाही. पण आवाज मात्र अख्ख्या गल्लीत गेला.

"बठ्ठा जन ऐका, सगळेच्या सगळे! माणसं आजारी पाडली ती टाकीनं नाही. मी पाडली! हंड्यात तापीचा तांब्या घाला, असं घरोघर जाऊन मी सांगितलं. माझी सून आज दवाखान्यात आहे ती माझ्या हातानं. या पोरांनी आपल्याला चांगलं पाणी दिलं, मी ते नासवलं. पाना कुणावर उगारायचा असेल तर माझ्यावर उगारा!"

नाना म्हणाले, "वच्छला, तापीमायला तू घाण म्हणतेस? देवीच्या दारात?"

तेव्हा तिचे डोळे भरून आले. "नाना, माय आजारी पडली तर आपण तिचं उष्टं पोरांना भरवतो का? तिच्या अंगात पूर शिरलाय, मेलेली जनावरं शिरलीत. ती बरी होईल. तोवर तिला पडू द्या की निवांत!"

अक्का कलश घेऊन अंगणातून निघाली. थेट टाकीकडे. डफवाले एकमेकांकडे बघायला लागले, तर मीच ओरडले, "मेल्यांनो, कानबाईचा कलश चाललाय, वाजवा ना!" डफ वाजला. बाया मागे निघाल्या. एकेकीनं आपापल्या दारात थांबून हंडा, कळशी, माठ उपडा केला. गल्लीभर पाणीच पाणी. तोटीजवळ हिलाल उभा होता, त्याला काहीच समजेना. अक्का त्याला म्हणाली, "भाऊ, तोटी तू सोड. देवीला पाणी तुझ्या हातचं." त्यानं तोटी सोडली. कलश भरला, अक्कानं डोक्यावर घेतला, आणि त्या औषधाच्या वासाच्या पाण्यावर आमची कानबाई बसली. रोट त्याच पाण्यात मळले. पहिला तुकडा नानांनी मोडला. पाना त्यांनी कधी ठेवून दिला, ते मी पाहिलं नाही.

सोमवारी सकाळी शिरपूरहून निरोप आला: सुमनला सलाईन लागलं, उलट्या थांबल्या, पोटातलं लेकरू हालतंय. अक्का मटकन खाली बसली आणि मोठ्यानं रडली. मग उठून मलाच ओरडली, "बघत काय बसलीस, बोळवणीला उशीर होतोय!"

वाजत गाजत आम्ही नदीवर गेलो. तापी अजून गढूळच होती. कानबाई बोळवताना कलशातलं पाणी नदीत सोडायचं असतं. दरसाल नदीचंच पाणी नदीला परत जायचं. अक्का पाण्यात गुडघाभर उतरली. जळगावची पोरंही काठावर उभी होती, डोक्यावर टोप्या घालून, आमच्यातलीच झाल्यासारखी. तिनं कलश वाकवला. टाकीचं ते स्वच्छ पाणी लालसर पाण्यात पडताना मला स्पष्ट दिसलं. आणि अक्का नदीला म्हणाली, आमच्याच बोलीत, अगदी सुमनच्या उशाशी बसल्यासारखं:

"माय, इतला दिन तुनं पानी पीसन आम्ही वाढनूत. आज आमनं पानी तू पी."