परिषेतल्या शेंगा

वसुमतीचा नियम साधा होता. लग्नाची सजावट ठरवायला जोडपं आलं की मुलाला हॉलमध्ये बसवायचं, मुलीला स्वयंपाकघरात, आणि दोघांना एकच प्रश्न विचारायचा: तुम्हा दोघांची आठवण सांगा. दोन्हीकडून जी गोष्ट सारखी येईल तीच मांडवात जायची. एकानेच सांगितलेली कितीही गोड असली तरी बाद. एकट्याची आठवण म्हणजे स्वप्न, असं ती म्हणायची, आणि स्वप्नाला ती फुलं लावत नसे.

जे. पी. नगरमधल्या घराच्या तळमजल्यावर तिचा हा उद्योग चालायचा. घराणं पिढ्यान्‌पिढ्या बंगळूरचंच, मराठी बोलता बोलता मधेच कन्नडमध्ये घसरणारं. नवरा त्रिविक्रम बँकेतून निवृत्त होऊन घरी होता. बायकोच्या धंद्यात तो नाक खुपसत नसे. खरं तर कशातच नाक खुपसायची त्याला हौस नव्हती.

वसुमतीचं नाव मात्र दूरवर झालं होतं. व्हाइटफील्डच्या एका जोडप्याची ओळख बंद पडलेल्या लिफ्टमध्ये झाली होती, तर तिने मांडवाच्या तोंडाशी लिफ्टचं दार उभं केलं आणि सगळे पाहुणे त्यातून आत सोडले. एका आजोबांनी कितवा मजला म्हणून विचारलं तेव्हा तिला धन्य वाटलं.

मग आले सुशांत आणि सिद्धी. तो नागपूरचा, ती पुण्याची, नोकऱ्या दोघांच्या इलेक्ट्रॉनिक सिटीत. दसऱ्याच्या सुमारास विवाहाच्या साइटवर ओळख आणि माघात लग्न, असा झटपट मामला. सुशांतच्या आईला थीम हवी होती. मैत्रिणीच्या मुलाच्या लग्नात होती, म्हणून.

"ॲक्च्युअली काकू, आम्ही मोस्टली व्हिडिओ कॉलवरच बोललो," हॉलमध्ये सुशांत डोकं खाजवत म्हणाला. "एकदा मॉलमध्ये भेटलो होतो. पास्ता खाल्ला. की पिझ्झा होता?"

"डोसा होता," स्वयंपाकघरात सिद्धी म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. "काकू, सगळ्यांकडे काहीतरी असतं. आमच्याकडे काहीच नाही. असं लग्न टिकतं का हो?"

इथे वसुमतीने झेंडूच्या माळा सुचवून विषय संपवायला हवा होता. पण ती कळवळली आणि नियम गेला चुलीत. तिने त्या मुलीला आपल्याकडची आठवण देऊन टाकली. तिच्याकडे तशी एकच होती, पण बावनकशी.

बसवनगुडीची कडलेकाई परिषे, म्हणजे भुईमुगाच्या शेंगांची जत्रा. तिचं लग्न ठरायच्या आधी दोन्ही घरं तिथे 'सहज' भेटली होती. दगडी कट्ट्यावर बसून मोठी माणसं गोत्र, पत्रिका, नोकरी यांची चर्चा करत होती. त्रिविक्रमने मान वर केली नाही. तो शेंगा सोलत होता. टरफलं स्वतःपाशी ठेवायचा आणि दाणे तिच्या हाताशी असलेल्या कागदाच्या पुडीत टाकायचा. एकही दाणा त्याने तोंडात टाकला नाही. उठायची वेळ झाली तेव्हा तिची पुडी शिगोशिग भरली होती.

पुढे संसारात त्रिविक्रमने कधी गजरा आणला नाही, वाढदिवस लक्षात ठेवला नाही, नव्या साडीकडे ढुंकून पाहिलं नाही. दर वेळी वसुमतीने ती पुडी आठवली आणि त्याला माफ केलं. जो माणूस न सांगता एवढं देतो त्याला बोलायची गरज काय, असं ती स्वतःला समजावत आली होती.

"परिषे कार्तिकात असते, तुमच्या तारखांत बरोब्बर बसते," तिने दोघांना बजावलं. "नीट पाठ करा."

लग्नाच्या दिवशी कल्याण मंटपात शेंगांच्या राशी ओतल्या होत्या, कागदी पुड्यांची तोरणं डोलत होती आणि मधोमध थेट बसवनगुडीतला वाटावा असा कट्टा होता. एरवी वसुमती नवऱ्याला कामाच्या ठिकाणी नेत नसे. आज तिने त्याला नवा सदरा घालायला लावून मुद्दाम आणलं होतं. त्याचा चेहरा तिला बघायचा होता. या वयातही तिचं काळीज धडधडत होतं, आणि त्याची तिला लाजही वाटत होती.

सुशांतने माइक घेऊन गोष्ट सांगितली. चांगली सांगितली लेकाने. नागपूरच्या एका मावशीने डोळ्यांना पदर लावला. त्रिविक्रमनेही चष्मा काढून पुसला. तो तिच्या कानाशी वाकला.

"वसू, काय गोड पोरगा आहे गं! मुलगी नशीबवान. आपल्या वेळी असलं काही नव्हतं बाई."

चेष्टा करतोय म्हणावं, तर हा माणूस आयुष्यात चेष्टा करायला शिकला नव्हता. तिने त्याच्याकडे निरखून पाहिलं. तो मनापासून टाळ्या वाजवत होता. ज्याच्यावर आपण सगळा संसार रेटला ते याच्या गावीही नाही, हे तिला कळलं.

अक्षता पडल्यावर सिद्धी धावत आली. "काका, तुमची आठवण आम्ही उसनी घेतली. थँक यू हं!"

"असू दे, असू दे," त्रिविक्रम म्हणाला. काही कळलं नाही की तो हेच म्हणायचा. ती गेल्यावर त्याने विचारलं, "कसली आठवण?"

"तो शेंगा सोलणारा मुलगा तुम्ही होतात."

"मी?"

"बसवनगुडीला. आपली घरं भेटली तेव्हा."

त्रिविक्रम त्या कट्ट्यावर मटकन बसला. "मी असं केलं होतं?" तो पुटपुटला, आणि मग हळूच म्हणाला, "बरा होतो की गं मी!"

इथे तो थांबला असता तरी वसुमतीने त्याला पदरात घेतलं असतं. पण माणूस प्रामाणिक. आठवायला बसला की मुळाशी गेल्याशिवाय सोडायचा नाही.

"थांब, थांब. अय्यो, आठवलं! माझी दाढ सुजली होती त्या दिवशी. स्वल्पसुद्धा चावता येईना. आणि आमच्या अण्णांनी दम दिला होता, मुलीकडे टकामका बघू नकोस म्हणून. मग हातांना काहीतरी काम हवं ना? सोलत बसलो. दाणे टाकायचे कुठे, तर तुझी पुडी समोरच होती." एवढं सगळं आठवल्याचा त्याला आनंद झाला होता.

वसुमती त्याच्या शेजारी टेकली. इतक्या वर्षांची माफी तिने एका सुजलेल्या दाढेला दिली होती. तिला रडावंसं वाटलं, या भोळ्या सांबाला गदागदा हलवावंसं वाटलं, आणि ओठांवर भलतंच हसू फुटायला लागलं.

"एवढं काय झालं तुला?" त्रिविक्रम म्हणाला. "पांढरीफटक पडलीस."

"काही नाही. त्या पुडीवर मी तुम्हाला हो म्हटलं होतं."

"पुडीवर?"

"त्याच आठवड्यात तुमकूरचं स्थळ सांगून आलं होतं. हयवदन. इंजिनियर, स्वतःचं घर, बोलायला लाघवी. मला तो आवडलाही होता. आमचे अप्पा तर त्याच्यावर लट्टूच होते. मीच हट्ट धरून बसले, शेंगा सोलणारा मुलगाच हवा म्हणून."

जेवणाची हाक आली. पाहुणे उठले, केळीच्या पानांकडे निघाले. पंगत चुकवणं त्रिविक्रमला कधी जमलं नव्हतं, पण तो जागचा हलला नाही. समोर अनोळखी बाई येऊन बसावी तसा तो बायकोच्या तोंडाकडे बघत राहिला.

"कोण हयवदन?" तो म्हणाला.